ताईची टाच

भिंगरीला पाय स्थिर ठेवता येत नाही, हे तिच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे तिच्या नवऱ्याला आणि त्याच्या चहाच्या कपाला. सकाळी टेबलाशी बसली की तिचा उजवा पाय सुरू होतो. टेबल हलतं, कपातला चहा बशीत येतो. नवरा चष्म्यांच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या नाकांवर काचा नीट बसवून द्यायच्या, त्यामुळे त्याच्या हाताला आणि स्वभावाला एक ठेहराव आलेला. तो कप उचलतो आणि खिडकीशी जाऊन उभ्याने पितो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने स्वतःच्या घरात बसून चहा प्यायल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

हे लहानपणापासूनचं. आई म्हणायची, "पाय हलवू नकोस," आणि त्याला जोडून लगेच दुसरं वाक्य यायचं, "जरा ताईकडे बघ." ताई म्हणजे थोरली बहीण. ताईकडे बघ, कशी जेवते. ताईकडे बघ, कशी बसते. ताईकडे बघ, वहीला कव्हर कसं घालते. दुसरी एखादी असती तर तिने अशा ताईचा जन्मभर दुस्वास केला असता, आणि कोणी तिला नावं ठेवली नसती. भिंगरीने तसं केलं नाही. तिने खरोखरच ताईकडे बघितलं. सगळा घोटाळा तिथेच झाला, पण तो कळायला तिला साठी गाठावी लागली.

भिंगरी गाडी चालवायला शिकवते. गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि शिकवणारीच्या पायाशी तिचा स्वतःचा एक जादा ब्रेक. बेचैन पायाच्या माणसाला असा ब्रेक देणं म्हणजे माकडाच्या हातात काडेपेटी देणंच. शिकणारा आपला जिवाच्या आकांताने सरळ चाललेला असतो आणि मध्येच गाडी गचकन थांबते. "मॅडम, सिग्नल हिरवा होता," तो म्हणतो. "माहीत आहे," ही म्हणते, "तुमचं लक्ष आहे का ते बघत होते." साफ खोटं. पण तिच्या हाताखाली शिकलेली माणसं पुढे कुठल्याही धक्क्याला दचकत नाहीत, असा तिचा लौकिक आहे.

हीच बाई एके काळी ड्रम वाजवायची, हे तिच्या शिकाऊंना खरं वाटत नाही. चार मुलींचा बँड होता, नाव 'उचापती'. गाणारीला सगळे कर्णा म्हणायचे, कारण माईक बंद पडला तरी मागच्या रांगेपर्यंत तिचं ऐकू जायचं. गिटारवर मौनी. ती दिवसाला मोजके शब्द बोलायची, उरलेलं गिटारकडून बोलवून घ्यायची. जाड तारांची, खालच्या आवाजाची बेस गिटार ताईकडे, आणि ड्रमवर भिंगरी. त्या काळात लोक यायचे ते मुली कशा फजीत होतात ते बघायला. यायचे हात बांधून आणि जायचे घसा बसवून. त्यांचं एक गाणं फार चाललं, 'उतारावरची गाडी'. ते सुरू व्हायचं चालत आणि संपायचं धावत. वेग वाढवायचा असं कोणी ठरवलेलं नव्हतं, तो वाढायचा. एका वर्तमानपत्राने लिहिलं, 'या मुलींच्या तालाला ब्रेक नाही.' टीका होती. यांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत पोस्टरवर छापलं.

मग बँड मोडला. भांडणबिंडण काही झालं नाही, सांगण्यासारखं तर काहीच नाही. कर्ण्याला मूल झालं. मौनीला दुसऱ्या गावात शाळेत रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली. ताईच्या गळ्यात सासऱ्यांचं नळ-पाइपांचं दुकान पडलं. एक तालीम राहिली, मग दुसरी राहिली, मग तालमीचा विषय काढायचीच लाज वाटायला लागली. अशा गोष्टी मोडत नाहीत, पातळ होत जातात.

आणि मग या वर्षी कर्ण्याचा फोन आला.

"रेकॉर्ड काढतोय आपण. नवी. सगळी नवी गाणी."

"अगं, पण आता..."

"तुला विचारत नाहीये, कळवतेय. रविवारी माझ्या गॅरेजमध्ये ये."

भिंगरीने फोन ठेवला आणि तिचा पाय असा काही सुरू झाला, की नवऱ्याने टेबलावरचा चष्मासुद्धा उचलून खिशात घातला.

पहिल्या तालमीला हसणं जास्त आणि वाजवणं कमी. चौघींनी चष्मे काढले, पुसले, पुन्हा घातले. मौनी निवृत्त होऊन परतली होती आणि अजूनही बोलत नव्हती. ताईच्या डाव्या गुडघ्यात आता स्टीलचा सांधा होता. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केलेली, म्हणून ती उंच स्टुलावर बसली, पाय समोरच्या खोक्यावर सरळ ठेवून, पायात मऊ कापडी बूट. पूर्वी ती लाकडी टाचांचे बूट घालून उभी राहायची, अर्धी ड्रमकडे वळून. आता पाठ ड्रमकडे झाली होती. पाय सरळ ठेवायचा तर दुसरीकडे जागाच नव्हती.

वाजवायला लागल्या आणि ताल डगमगला. दोन ओळी बऱ्या जायच्या, तिसरीला भिंगरी अडखळायची, सावरायला घाई करायची, घाई झाली म्हणून थांबायची. "गंज चढलाय," कर्णा म्हणाली, "उतरेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. पण कर्ण्याच्या गळ्यावरचा गंज उतरला, मौनीच्या बोटांवरचा उतरला. भिंगरीचा काही उतरेना.

स्टुडिओत तर पारच रडकथा झाली. रेकॉर्डिंगवाला टक्कल पडलेला, फार मऊ आवाजात बोलणारा माणूस होता. अशा माणसांपासून जपून राहावं, ती कधी ओरडत नाहीत आणि आपलंच खरं करतात. त्याने भिंगरीला ड्रमसकट वेगळ्या काचेच्या खोलीत बसवलं, एकीचा आवाज दुसरीच्या माईकमध्ये जायला नको म्हणून. काचेतून तिला बाकीच्या तिघी दिसत होत्या. ताईची पाठ, कर्ण्याचं वर-खाली होणारं डोकं, मौनीचा खांदा. टेक फसत गेले, तसं त्याने तिच्या हेडफोनमध्ये टिकटिक सोडली. यंत्राची, एका लयीतली.

"हिच्या बरोबरीने चाला फक्त," तो मऊपणे म्हणाला.

ती चालली. टिकटिक दारावरच्या चिवट विक्रेत्यासारखी ठोठावत राहिली आणि भिंगरी तिला चुकवत राहिली, कधी पुढून, कधी मागून. शेवटी एक टेक असा झाला की एकही ठोका चुकला नाही. सगळ्यांनी तो ऐकला. मग मौनी, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, "शिवणयंत्र."

भिंगरी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन आली.

परत आली तेव्हा तिघींचं आणि रेकॉर्डिंगवाल्याचं काहीतरी ठरलेलं होतं. खोलीत शिरताच माणसाला हे कळतं. कर्ण्याला आडून बोलता येत नाही, तिने सरळ सांगितलं.

"तुझा हात गेलाय गं. चिडू नकोस. गुरुवारी अजून एकदा बघू. एक मुलगी आहे, चांगली वाजवते. ती येऊन बसेल. तुला नाही जमलं तर ती वाजवेल."

"आणि मी?"

"फोटो काढलाय की आपण. कव्हरवर तू आहेसच."

फोटो खरंच काढला होता. चौघी भिंतीला टेकून, ताई स्टुलावर, भिंगरीच्या हातात काड्या. म्हणजे कव्हरवर हिचं तोंड आणि आत दुसरीचे हात. भिंगरीने ताईकडे बघितलं. ताई स्वतःच्या कापडी बुटांकडे बघत होती.

घरी येऊन तिने सोफ्याच्या सगळ्या उश्या जमिनीवर मांडल्या आणि त्यांना झोडपायला सुरुवात केली. धूळ उडाली. नवरा थोडा वेळ दारात उभा राहिला, मग येऊन शेजारी बसला. बसला, हे विशेष.

"इतकं हवंय का तुला हे?" त्याने विचारलं.

"हवंय," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. "लोकांच्या गाडीत लोकांच्या शेजारी बसून ब्रेक मारण्यात जन्म गेला माझा. एक तरी गोष्ट अशी होती की जी माझ्या पायाने पळायची. ती पण आता मशीन करणार, नाहीतर ती कोण पोरगी करणार. आणि मी फोटोत हसणार."

"मग हात गेलाय हे खरं आहे?"

"मला काय माहीत! इथे बरोबर वाजतंय. तिथे गेलं की पायाखालचं कोणीतरी काढून घेतं."

नवऱ्याने उशीवरची धूळ झटकली. "माझ्याकडे लोक येतात," तो म्हणाला, "दिसत नाही म्हणून. निम्म्या लोकांचे डोळे चांगले असतात. चष्मा नाकावरून घसरलेला असतो."

"मला तुझ्या दुकानातल्या गोष्टी सांगू नकोस," भिंगरी म्हणाली. तो पुन्हा उठून खिडकीशी गेला.

बुधवारी तिच्याकडे बेकरीवाल्याचा तास होता. पन्नाशीचा माणूस, हात पिठात मुरलेले, कणीक मळावी तसं स्टेअरिंग मळायचा. पावांची गाडी आजवर त्याचा भाऊ चालवत होता. आता भावाशी वाजलं होतं, म्हणून याने शिकायचं ठरवलेलं. माणूस भला होता आणि शिकण्याच्या बाबतीत दगड. मोठ्या चौकात आले. सिग्नल हिरवाच होता, पुढची निळी गाडी मात्र उगाच थांबली, बहुतेक चालवणारा काहीतरी शोधत असावा. बेकरीवालाही थांबला. निळी गाडी सुरू झाली तेव्हा दिवा लाल झाला होता. निळी गाडी लाल दिव्यात निघाली, आणि तिच्यामागे हाही निघाला. भिंगरीने ब्रेक दाबला. या वेळी खरोखरच दाबायला हवा होता.

"अहो, दिवा बघा ना! दिवा!"

"मी पुढच्या गाडीकडे बघत होतो मॅडम."

"पुढच्या गाडीकडे बघून गाडी चालवतात? तो खड्ड्यात गेला तर तुम्ही पण जाणार? उद्या पुढे कोणीच नसलं म्हणजे काय करणार, रस्त्यात उभे राहणार?"

"तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," बेकरीवाला म्हणाला, "पण पुढे कोणी असलं की बरं वाटतं."

भिंगरी तोंड उघडून पुढचं बोलणार होती. तोंड उघडंच राहिलं. तिचा पाय, जो झोपेतही हलतो, तो ब्रेकवर गपगार झाला. तिच्या डोळ्यांसमोर लाकडी टाच होती. काळी, कडेला झिजलेली, ताईची डावी टाच. वर जायची, खाली यायची. ती खाली आली की भिंगरीचा पाय पेडलवर पडायचा. इतकी वर्षं, इतके कार्यक्रम, आणि तिने मनात एक-दोन-तीन-चार असं कधी म्हटलंच नव्हतं. कशाला म्हणेल? टाच होती ना समोर. गिटार ती नुसती ऐकायची, कर्ण्याकडे तर लक्षच नसायचं. लक्ष फक्त तिथे. आणि आता ती टाच मऊ कापडी बुटात, खोक्यावर सरळ पडलेली, आणि ताईची पाठ फिरलेली.

मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या होत्या.

"डावीकडे घ्या," ती म्हणाली.

"पण आपण नेहमी सरळ जातो."

"डावीकडे घ्या म्हणते ना! माझ्या बहिणीकडे जायचंय."

"तिकडे चढ आहे मॅडम. तुम्हीच म्हणालात, चढ पुढच्या महिन्यात."

"आज शिका."

बेकरीवाला चढावर दोनदा बंद पडला, एकदा मागे घसरला, पण पोचला. भिंगरी गाडी पुरती थांबायच्या आत उतरली. ताईचं दुकान खाली आणि घर मागच्या खोल्यांत. ताई गल्ल्यापाशी बसून रबरी वायसर आकाराप्रमाणे वेगळे करत होती. शिस्त जन्मजात, ती कुठे जाणार.

"ताई, तुझी टाच!"

"काय झालं माझ्या टाचेला?"

"मी तुझ्या टाचेकडे बघून वाजवायचे. नेहमी. आता ती हलत नाही, म्हणून चुकतेय. माझा हात गेला नाहीये. मी कधी मोजलंच नाही ताई, मला मोजता येतच नाही. ताल तू धरायचीस, मी फक्त तुझ्यामागून यायचे."

ताई आधी हसली. मग तिचं हसणं मध्येच थांबलं आणि तिने हातातला वायसर खाली ठेवला.

"काय बोलतेस तू? मी कुठला ताल धरणार? मी तुझा पाय बघून टाच टाकायचे. तुझा गुडघा वर गेला की माझी टाच वर. म्हणून तर तुझ्याकडे वळून उभी राहायचे मी! ताल तुझा होता."

"माझा नव्हता."

"मग माझाही नव्हता."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं ही तिच्यामागे आणि ती हिच्यामागे. पुढे कोणीच नव्हतं. लोक ज्या वेगावर नाचले, तो दोघींनी एकमेकींकडून उसना घेतलेला. आणि गाणं दर वेळी पळत का सुटायचं तेही उघड झालं. ही तिला गाठायला धावायची, ती हिला.

बेकरीवाला तेवढ्यात गाडी कशीबशी कडेला लावून किल्ली द्यायला दुकानात आला, आणि चुकीच्या वेळी आलो हे ओळखून पाइपांच्या आडोशाला उभा राहिला.

"मग तू गप्प का बसलीस त्या दिवशी?" भिंगरीने विचारलं. "कर्णा म्हणाली हात गेलाय, तेव्हा एक शब्द बोलली नाहीस."

ताईने पुन्हा वायसर हातात घेतला. "कारण मीच तिला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"दुसरी कोणी बघ म्हणून."

भिंगरीला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने समोरचा वायसरांचा खोका हाताने उडवला. सगळ्या दुकानात रबरी चकत्याच चकत्या झाल्या. कपाटाखाली गेल्या, बादल्यांत पडल्या, एक रस्त्यावर निघून गेली.

"तू? तू सांगितलंस?"

"प्रत्येक टेक चुकला की तू माझ्याकडे बघायचीस काचेतून. मला कर्ण्याच्या चष्म्यात दिसायचं ते. लहानपणी पडलीस की बघायचीस ना, तस्संच. आणि मला काही करता येत नव्हतं. मला वाटलं माझंच वाजवणं गेलंय, मी तुला ओढतेय खाली. मला बघवेना गं. तुला एकदाचं सोडवावं असं वाटलं."

"मला विचारायचं होतंस!"

"तुला कधी विचारलंय मी?" ताई म्हणाली, आणि हे इतकं खरं होतं की पुढे भांडायला जागाच उरली नाही. पण भिंगरीचा राग गेला नाही. ती दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. बेकरीवाला गुडघ्यांवर बसून चकत्या गोळा करत होता, आणि चांगला माणूस असल्यामुळे मोठ्या एकीकडे, लहान एकीकडे ठेवत होता.

शेवटी भिंगरीने विकायची एक बादली उचलली, उपडी घातली आणि तिच्यासमोर बसली. "बेस आण."

ताईने आतून बेस आणली. दोघी समोरासमोर बसल्या. आणि बसूनच राहिल्या. ही तिची वाट बघतेय, ती हिची.

"कर ना सुरू," ताई म्हणाली.

"तू कर."

"माझा पाय हलत नाही, मी काय करू? आता तुलाच करावं लागणार."

गाडीत बसून लोकांना 'निघा आता' म्हणणं वेगळं. तिने स्वतः कधीच काही सुरू केलं नव्हतं. बादलीवर चार ठोके मारले, आणि पाचव्याला डोळे आपोआप ताईच्या पायाकडे गेले. मोडलं. पुन्हा मारले. पुन्हा मोडलं. तिसऱ्या वेळी जरा लांब गेलं आणि मग चौकटीत अडकल्यासारखं थांबलं. बाहेर एक गिऱ्हाईक नळाच्या तोटीसाठी उभं होतं. ताईला उठावं लागलं.

"उद्या," ताई म्हणाली.

"उद्या ती पोरगी येणार आहे," भिंगरी म्हणाली.

ती पोरगी खरंच आली होती, वेळेच्या आधी. वागायला इतकी गोड की तिच्यावर चिडायचीही सोय नाही. "मी तुमच्या रेकॉर्ड ऐकत मोठी झाले," ती म्हणाली. "'उतारावरची गाडी'मध्ये तुम्ही वेग इतका हळूहळू कसा वाढवत नेलात? मोजून?"

"मला कालच कळलंय," भिंगरी म्हणाली, "थांब जरा."

तिने काचेच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि ड्रमचा स्टँड ओढत मोठ्या खोलीत आणायला सुरुवात केली. रेकॉर्डिंगवाला धावत आला.

"अहो, सगळ्यांचा आवाज एकमेकींत मिसळेल. नंतर मला वेगळा काढता येणार नाही."

"नका काढू."

"मग चूक झाली तर दुरुस्त कशी करणार?"

"करूच नका."

पोरगीने दुसरी बाजू धरली. मौनीने झांजा उचलल्या. भिंगरीने ड्रम सरळ मांडले नाहीत, आडवे मांडले, मोठ्या ड्रमची बाजू ताईच्या स्टुलाकडे, म्हणजे तिथून पेडलवरचा पाय पूर्ण दिसेल. मग तिने ताईचा स्टूल खोक्यासकट ड्रमकडे वळवला. ताई बसलेलीच होती, स्टुलाबरोबर तीही वळली. मग भिंगरीने उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला. साठ वर्षांचा पाय, अंगठ्याला कुरूप, नख काळं पडलेलं. आयुष्यभर लोकांनी 'हलवू नकोस' म्हणून दटावलेला.

"टिकटिक देऊ का कानात?" रेकॉर्डिंगवाल्याने शेवटचा प्रयत्न केला.

"त्या टिकटिकीला घरी पाठवा," भिंगरी म्हणाली.

खोली शांत झाली. रेकॉर्डिंग सुरू झाल्याचा दिवा लागला. कर्ण्याने श्वास भरला आणि नेहमीप्रमाणे ताईकडे बघितलं, सुरुवात व्हायची म्हणून. मौनीनेही ताईकडे बघितलं. भिंगरीच्या काड्या हातात होत्या. तिचेही डोळे निघाले होते तिकडेच, त्या कापडी बुटाकडे. तिने ते ओढून आणले. भीती वाटत होती, फार भीती वाटत होती, पण थांबायचं मात्र नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "माझ्याकडे बघ."

काडीवर काडी चार वेळा वाजली आणि पाय पडला.

पहिल्या ओळीला तो एकटा होता. दुसऱ्या ओळीला बेस त्याच्याजवळ आली, जरा मागे, जरा बिचकत. भिंगरीने थांबून तिची वाट बघितली नाही. ते सगळ्यात अवघड होतं. तिसऱ्या ओळीला, जिथे ती रोज पडायची, तिथे ताईची बेस येऊन बरोबर तिच्या पायावर बसली, आणि मग गाणं निघालं. धृपदाला पळालं. दुसऱ्या धृपदाला आणखी पळालं. कर्ण्याला शब्द तोंडात मावेनात, मौनी दात दाखवून हसत होती, आणि ताई, जिला कोणी 'जरा बघ' असं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, ती स्टुलावरून पुढे झुकून त्या काळ्या नखाच्या पायाकडे डोळे फाडून बघत होती.

संपलं तेव्हा कर्णा धापा टाकत भिंतीला टेकली. "मारशील गं," ती म्हणाली. "माझं वय बघ." मग तिने दाराशी उभ्या असलेल्या पोरगीकडे बघितलं. पोरगी आपल्या काड्या पिशवीत घालत होती.

रेकॉर्डिंगवाल्याने ते सुरुवातीपासून लावलं. चौघी त्याच्या मागच्या बाकावर दाटीवाटीने बसल्या. भिंगरीचा पाय सुरूच होता, सगळा बाक थरथरत होता, पण आज कोणी तिला दटावलं नाही. स्पीकरमधून आधी खोलीची शांतता आली, मग भिंगरीचा कोरडा, घाबरलेला आवाज: ताई, माझ्याकडे बघ. मग चार काड्या.

रेकॉर्डिंगवाल्याने गाणं थांबवलं. "हे सुरुवातीचं बोलणं तेवढं कापतो," तो मऊपणे म्हणाला.

"कापून तर बघ," ताई म्हणाली.